देह वैजापुरात, चित्त आभासी जगात

गेल्या हिवाळ्यात वैजापूर परिसरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास उपस्थित राहण्याचा योग आला. मैदानाच्या कडेला भेळ, फुगे आणि शेंगदाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक तरुण प्लास्टिकची खुर्ची मांडून उभा होता. त्याच्या हातात काळ्या रंगाचा, पोहण्याच्या चष्म्यासारखा दिसणारा परंतु आकाराने बराच मोठा असा डबा होता. डब्यात मोबाईल बसवायचा, पट्ट्याने तो डोक्याला बांधायचा आणि खुर्चीत बसायचे. पाच मिनिटांचे वीस रुपये. पुठ्ठ्यावर हाताने लिहिले होते, 'व्हीआर चष्मा'.

मुलांची रांग मोठी होती. मधेच नातवाने हट्ट धरल्यामुळे धोतर-टोपीतील एक आजोबा खुर्चीत बसले. चष्म्यातील उंच पाळणा वर चढून खाली कोसळू लागला, तसे आजोबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि ते ओरडले, "आरं, धर ना मला, पडलो मी!" भोवतालची पन्नास-साठ मुले पोट धरून हसू लागली. नातूही हसत होता. आजोबा डोके वळवून त्याला शोधत होते. तो त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, पण ते ज्या जगात होते तेथे नातू नव्हता.

त्यानंतर मीही खुर्चीत बसलो. सुरुवातीचे क्षण खरोखर विलक्षण होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मान वळवावी तसे दृश्य वळते, खाली पाहिले तर दरी दिसते आणि छाती धडधडते. चौथ्या मिनिटाला मात्र पोटात ढवळू लागले. उतरल्यावर बराच वेळ मैदानावरील जमीन किंचित हलत असल्याचा भास होत राहिला. "सवय होते, फादर," असे त्या तरुणाने धीर देत सांगितले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु नेमकी कशाची सवय होते, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे. त्याला एक तातडीचे कारणही आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. 'व्हर्च्युअल रिअॅलिटी' या संज्ञेला मराठीत 'आभासी वास्तव' असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. दोन डोळ्यांपुढे किंचित वेगवेगळी दोन चित्रे ठेवली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो. डोके हलले की चित्रही तितकेच हलवायचे, म्हणजे आपण त्या चित्राच्या आतच उभे आहोत असे मनुष्याला वाटू लागते. अमेरिकेत आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने १९६८ च्या सुमारास असे पहिले यंत्र घडविले. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. पुढे १९९५ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे खेळणे बाजारात आणले. ते साफ आपटले. सात वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये, अशी सूचना त्यावरही होती. २०१४ मध्ये फेसबुकने 'ऑक्युलस' ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलर्सना विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगलने मोबाईल बसविता येईल असा साधा पुठ्ठ्याचा चष्मा आणला. महागडी यंत्रे आपल्या तालुक्यात कदाचित पुष्कळ वर्षे येणार नाहीत. परंतु पुठ्ठ्याचा तो वंश मात्र केव्हाच येथे पोहोचला आहे. २०२३ मध्ये जिओने क्रिकेट पाहण्यासाठी असाच मोबाईल बसविण्याचा चष्मा १,२९९ रुपयांना बाजारात आणला होता, आणि बिननावाचे डबे तर त्याहून कितीतरी स्वस्त मिळतात. तेव्हा हा विषय केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घरांचा आहे, अशी समजूत करून घेणे योग्य होणार नाही.

आता आरोग्याकडे वळू. चष्मा काढल्यावर होणारी मळमळ, घेरी आणि डोकेदुखी यांचे कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानातील तोल सांभाळणारी रचना मेंदूला सांगते की देह खुर्चीत स्वस्थ बसला आहे. डोळे सांगतात की आपण वेगाने खाली कोसळत आहोत. या दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि देह गोंधळतो. घाटातून एस.टी. जात असताना पुस्तक वाचणाऱ्याला जे होते, त्याचीच ही उलटी बाजू होय. तेथे कान हालचाल सांगतो आणि डोळे ती नाकारतात. मान वळविल्यावर चित्र वळण्यास सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा अधिक विलंब झाला तर त्रास वाढतो, असे या क्षेत्रातील अभियंते मानतात. महागडी यंत्रे हा विलंब टाळण्याचा प्रयत्न करतात. जत्रेतील डब्यात घातलेल्या जुन्या मोबाईलकडून ती अपेक्षा कशी करणार?

दुसरा प्रश्न डोळ्यांचा आहे. एखादी वस्तू जवळ आली की आपले दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंग त्या अंतरासाठी जुळवून घेते. या दोन्ही क्रिया जन्मभर जोडीने चाललेल्या असतात. चष्म्यातील वाघ अंगावर धावून येतो तेव्हा डोळे आत वळतात खरे, परंतु भिंगाला मात्र एकाच ठराविक अंतरावर स्थिर राहावे लागते, कारण चित्र प्रत्यक्षात जागचे हललेलेच नसते. डोळे शिणतात, धुरकट दिसते, कपाळ ठणकते ते यामुळे. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असल्याने दृष्टी अधू होणारच, अशी भीती अनेक पालक व्यक्त करतात. त्याबाबत सावधपणे बोलावे लागते. चष्म्यातील भिंगांमुळे चित्र डोळ्यांना मीटर-दोन मीटर अंतरावर असल्यासारखे भासते, म्हणून केवळ जवळ असल्यामुळे चष्म्याचा नंबर वाढतो असे म्हणता येत नाही. मुलांमध्ये लघुदृष्टीचा दोष जगभर वाढत आहे ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात घालविलेला वेळ त्यापासून काही अंशी रक्षण करतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. तेव्हा डब्याच्या आत घालविलेला तास कोठून वजा झाला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि भिंगे त्या हिशेबाने बसविलेली असतात. लहान मुलांचे आणि अनेक स्त्रियांचे हे अंतर कमी असते. मोठ्याचा चष्मा लहानग्याला घातला तर जसे होईल तसेच हे आहे. शिवाय जड डबा कोवळ्या मानेवर लटकतो तो वेगळाच.

विशेष म्हणजे या धोक्यांची जाणीव उत्पादकांना आहे. अर्ध्या तासानंतर दहा ते पंधरा मिनिटे विश्रांती घ्या, बरे वाटेपर्यंत वाहन चालवू नका, साधारण चार हजार माणसांमागे एकाला तीव्र घेरी किंवा झटके येऊ शकतात, अशा सूचना ऑक्युलसच्या माहितीपत्रकात छापलेल्या होत्या. वयोमर्यादाही आहेत. परंतु त्या किती लवचिक आहेत ते पाहा. फेसबुकचेच नवे रूप असलेल्या मेटा कंपनीने आपल्या यंत्रासाठी असलेली तेरा वर्षांची अट २०२३ मध्ये, पालकांच्या देखरेखीखाली, दहा वर्षांवर आणली. मधल्या काळात मुलांचे डोळे बदलले नव्हते. आणि या सर्व सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतात. कापूस वेचून संध्याकाळी घरी परतणाऱ्या मातेने त्या कोठे आणि कशा वाचाव्यात? मैदानावरील त्या तरुणापाशी तर माहितीपत्रकच नव्हते. त्याच्याकडे फक्त चष्मा पुसण्याचे फडके होते, आणि तेच फडके साठ मुलांच्या चेहऱ्यांसाठी पुरत होते.

हे शारीरिक त्रास बहुतेकांच्या बाबतीत तासाभरात निवतात. मनावर होणारा परिणाम इतका सरळ नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलेन्सन हे प्राध्यापक या विषयाची एक प्रयोगशाळा २००३ पासून चालवितात. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना आभासी जगात त्यांचीच प्रतिकृती देवमाशांबरोबर पोहताना दाखविली. काही दिवसांनी विचारले असता प्राथमिक शाळेच्या वयाच्या अनेक मुलांनी आपण खरोखरच देवमाशांबरोबर पोहलो होतो असे सांगितले. ती खोटे बोलत नव्हती. त्यांच्या स्मृतीत ते घडलेलेच होते. प्रौढही यातून पूर्ण सुटलेले नाहीत. जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाचे फ्रँक स्टाइनिके यांनी २०१४ मध्ये, थोड्या थोड्या विश्रांतीसह, सलग चोवीस तास आभासी जगात राहून पाहिले. मळमळ, कोरडे डोळे आणि थकवा तर आलाच, परंतु आपण या क्षणी खऱ्या खोलीत आहोत की आभासी, याविषयी त्यांचा काही वेळा गोंधळ उडाला. जाणत्या शास्त्रज्ञाची ही अवस्था झाली.

या यंत्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. भाजलेल्या रुग्णाच्या जखमांची मलमपट्टी करताना होणाऱ्या वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे विशेष पटेल. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचे बर्फाचे आभासी जग तयार केले. मलमपट्टी चालू असताना रुग्ण तेथे बर्फाचे गोळे फेकत असतो, आणि त्याला जाणवणारी वेदना खरोखर कमी होते. युद्धावरून परतलेल्या आणि रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकांवर या साधनाने उपचार झाले आहेत. उंचीची भीती घालविण्यासाठी १९९५ पासून त्याचा वापर होत आहे. या सर्व ठिकाणी तीन गोष्टी समान आहेत, त्या लक्षात घ्याव्यात: वेळ मोजका असतो, शेजारी जाणकार माणूस बसलेला असतो आणि शेवटी रुग्णाला परत आणावयाचे असते. ज्या व्यवसायात ग्राहक जितका अधिक काळ आत राहील तितका नफा अधिक, तेथे परत आणण्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या मराठवाड्याने या प्रश्नाची एक झलक फार क्रूर रीतीने पाहिली आहे. २०१९ च्या मार्चमध्ये हिंगोली शहरालगत रेल्वेरुळांवर दोन तरुणांना गाडीने चिरडले. दोघेही विशी-पंचविशीतील होते. ते मोबाईलवर पबजी हा खेळ खेळण्यात गुंग होते आणि त्यांना गाडी येत असल्याचे भान राहिले नाही, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले. मोबाईलचा पडदा तळहाताएवढा असतो. त्याच्या चारही बाजूंनी रूळ, खडी, आकाश आणि येणारी गाडी दिसू शकत होती, तरीही चित्त तेथे नव्हते. चष्म्यात तर चारही बाजू मुद्दाम झाकून टाकलेल्या असतात. म्हणूनच घरातल्या घरात भिंतीला, कपाटाला, चुलीला धडकून होणाऱ्या इजा हा आता जगभर नवा प्रकार बनला आहे.

पबजीवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. तिचे कारण राष्ट्रीय सुरक्षा हे होते, मुलांचे आरोग्य नव्हे, आणि पुढच्याच वर्षी तो खेळ दुसऱ्या नावाने परत आला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आरोग्याच्याच अंगाने विचार करून २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा आपल्या रोगवर्गीकरणात समावेश केला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. खेळावरचा ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे, हानी दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि सर्वसाधारणपणे हे वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. सुट्टीत चार तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे, हेही यातून समजते. आपला मुलगा या वर्णनात बसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याला मारझोड न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ पासून यासाठी 'शट' नावाचे खास उपचार केंद्र आहे.

रोगाची व्याख्या एका माणसापुरती असते. या यंत्राने घराचे काय होते, हे मला अधिक चिंताजनक वाटते.

१९८७ साली मी कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागे तेव्हा आमच्या आळीत एकच संच होता आणि त्याच्यापुढे अर्धी आळी बसे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सारेच. मिस्सा आटोपून धावत येणाऱ्या आम्हा मुलांना मागे उभे राहावे लागे. कोणी रडे, कोणी टीका करी, एखादे आजोबा पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकत आणि बोलणी खात. पुढे प्रत्येक घरात संच आला आणि आळी आपापल्या घरात गेली. मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आणि कुटुंब आपापल्या कोपऱ्यात गेले. तरीही आई मुलाच्या खांद्यावरून वाकून "काय बघतोस रे?" असे विचारू शकत होती. चष्म्याने तीही सोय उरली नाही. पडदा लहान होत गेला तसतशी प्रेक्षकांची संख्याही घटत गेली, ती आता एकावर येऊन ठेपली आहे.

आत कोण भेटते, हेही बाहेरच्याला दिसत नाही. २०२४ च्या जानेवारीत ब्रिटनमधून एक बातमी आली. सोळा वर्षांखालील एका मुलीच्या आभासी प्रतिकृतीवर अनेक अनोळखी पुरुषांच्या प्रतिकृतींनी आभासी जगात सामूहिक अत्याचार केला आणि पोलिसांनी त्याचा तपास हाती घेतला. तिच्या देहाला कोणी स्पर्शही केला नव्हता, परंतु तिच्या मनाला बसलेला आघात प्रत्यक्ष अत्याचाराच्या जातीचा होता, असे अधिकाऱ्यांनी म्हटले. "चष्मा काढायचा की," असे म्हणणारे तेव्हाही निघाले. मंडळी, ज्या साधनाची सारी जाहिरात 'अगदी खऱ्यासारखे' या दोन शब्दांवर चालते, त्यात झालेली इजा मात्र खोटी, हे कसे?

येथे ख्रिस्तसभेच्या एका जुन्या दस्तऐवजाची आठवण होते. परमधर्मपीठाच्या तत्कालीन सामाजिक संज्ञापन परिषदेने २००२ च्या फेब्रुवारीत इंटरनेटविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आजच्यासारखे चष्मे बाजारात नव्हते तेव्हाच त्यात आभासी वास्तवाचा नावानिशी उल्लेख आहे. पवित्र परमप्रसादातील ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीची, इतर संस्कारांची आणि एकत्र जमलेल्या भाविकांच्या उपासनेची जागा आभासी वास्तव घेऊ शकत नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी मोबाईलवर मिस्सा पाहिली. त्या काळी ती मोठी सांत्वना होती, आणि आजारी व वृद्धांसाठी आजही आहे. परंतु चर्चची दारे उघडली त्या पहिल्या रविवारी लोक एकमेकांकडे कसे पाहत होते, ते मी वेदीवरून पाहिले आहे. मुखपट्टीच्या वर डोळे तेवढे दिसत होते, तेवढे पुरेसे होते. आपल्या तालुक्यातील हिंदू बांधवांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गोदावरीच्या सराला बेटाशी निगडित गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला दरवर्षी लाखो माणसे उन्हापावसात का जमतात, हे त्यांना ठाऊक आहे.

मृतांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच नाजूक होतो. २०२० च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील एका दूरचित्रवाहिनीने एका आईची तिच्या दिवंगत सात वर्षांच्या मुलीशी आभासी भेट घडवून आणली. आई हातमोजे घालून हवेत हात फिरवीत होती आणि मुलीची प्रतिकृती तिच्याशी बोलत होती. त्या आईने नंतर या अनुभवाविषयी कृतज्ञता व्यक्त केली. तिच्या दुःखावर मत देण्याचा अधिकार मला नाही. तरीही धर्मगुरू या नात्याने अनेक लहान मुलांच्या अंत्यविधीला उभा राहिलेला मी एवढे जाणतो की, दोन नोव्हेंबरला दफनभूमीत आई गवत उपटते, माती सारखी करते, मेणबत्ती लावते, तेव्हा तिच्या हातांना ठाऊक असते की लेकरू येथे आहे आणि परत येणार नाही. हातमोज्यांना ते ठाऊक नसते. एक भेट सांत्वन देईल. दररोज रात्री ती भेट घेता येऊ लागली, तर शोक कधी पुरा व्हायचा?

महाराष्ट्रातील एका गावाने या साऱ्याला जे उत्तर शोधले, त्याची वृत्तपत्रांनी कौतुकाने नोंद घेतली होती, पण त्यातील खरे मर्म फारसे कोणी सांगितले नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीतील ऑनलाइन शिक्षणानंतर शाळा सुरू झाल्या, तरी मुले मोबाईल सोडीनात आणि मोठी माणसे दूरचित्रवाणीसमोरून उठेनात. सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ग्रामस्थांपुढे एक प्रस्ताव ठेवला. दररोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. तेव्हापासून साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल आणि दूरचित्रवाणी संच बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा बोलत बसतात. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांशी ग्रामपंचायतीने दुसरा मार्ग धरला. अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी आणि मोडल्यास दोनशे रुपये दंड. हेतू तोच, तळमळ तीच. तरीही दोन्हींत मोठे अंतर आहे असे मला वाटते. बांशीत नियम मुलांसाठी आहे. वडगावात भोंगा बापासाठीही वाजतो. क्रिकेटचा सामना रंगात आला असताना बापाला संच बंद करावा लागतो आणि मालिका अर्धी असताना आईला. मुलाला एकट्याला शिक्षा झाल्यासारखे वाटत नाही, कारण शेजारच्या घरातही त्याच क्षणी अंधारलेला पडदा असतो. आपल्या एकट्याच्या मुलाकडून मोबाईल काढून घेणाऱ्या पालकाची जी फजिती होते ("सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही?"), ती तेथे होत नाही. शिवाय दीड तासच. चोवीस तासांतील साडेबावीस तास गावाने कोणाच्याच हातातून काढून घेतले नाहीत.

चष्मा अजून आपल्या घराघरांत आलेला नाही. मोबाईलच्या वेळी आपण उशिरा जागे झालो. या वेळी थोडा अवधी हाती आहे, आणि सुरुवातीस ज्या तातडीच्या कारणाचा उल्लेख केला ते हेच. काही आठवड्यांपूर्वी ज्या शाळेच्या व्यवस्थापनाशी माझा संबंध आहे, तेथे एक विक्रेता येऊन गेला. वीस चष्मे, एक संगणक, तीन वर्षांची देखभाल, असा त्याचा प्रस्ताव होता. विज्ञानाच्या शिक्षकांना तो आवडला, आणि का आवडू नये? हृदयाचे कप्पे आतून पाहता येतात, ग्रहांभोवती फिरता येते. आमच्या प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक धड चालतो, हे मला माहीत आहे. दहा मिनिटांचा पाठ, शेजारी शिक्षक, दहा वर्षांखालील मुलांना मनाई, अशा अटींवर मीही कदाचित हो म्हटले असते.

परंतु त्याने नमुना म्हणून दाखविले ते वेरूळचे कैलास लेणे. "आता सहलीचा खर्च नको, बसची जोखीम नको, पालकांची संमतिपत्रे नकोत," असे तो म्हणाला. वैजापूरहून वेरूळ तासाभराच्या अंतरावर आहे. आठव्या शतकातील पाथरवटांनी डोंगर वरून खाली कोरत नेला आणि लाखो टन दगड काढून टाकून आत मंदिर शिल्लक ठेवले. मी सातवीत असताना तेथे प्रथम गेलो. आज आठवते ते चित्र नाही. आत पाऊल टाकल्यावर अनवाणी पायांना लागलेला गारवा, वटवाघळांचा वास, वर मान करून पाहताना पडलेली टोपी आणि ती उचलून देणारा वर्गमित्र, हे आठवते. चष्म्यातील लेणे त्याहून स्वच्छ आणि उजळ होते, हे कबूल करतो.

व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बराच खल झाला. एक सदस्य म्हणाले, "फादर, जग पुढे चालले आहे, आपली मुले मागे राहतील." ती भीती खोटी नाही आणि मी तिला हसलो नाही. मुख्याध्यापिका सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले की, गेल्या तीन वर्षांत आपल्या सातवी-आठवीच्या मुलांपैकी किती जणांनी वेरूळ प्रत्यक्ष पाहिले आहे. कोणालाच सांगता येईना. त्यांनी वर्गात जाऊन हात वर करावयास सांगितले, तेव्हा दोन्ही वर्ग मिळून अकरा हात वर आले.

चष्म्यांचा निर्णय पुढील बैठकीपर्यंत लांबणीवर पडला आहे. सहलीसाठी एस.टी. आगाराकडे दोन बसगाड्यांची मागणी नोंदविली आहे. संमतिपत्रे वाटली आहेत आणि त्यांपैकी निम्मी अद्याप परत आलेली नाहीत.